निळ्या रंगाखालचा बोल्ट

आमची गुंजन जन्मली ते साल दोन हजार सतरा. माझ्या कपिलला लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी मुलगी झाली, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, आणि त्याच आठवड्यात समोरच्या प्रेमानंदरावांची पांढरी गाडी निळी झाली. म्हणून मला त्या रंगाचं वय विचारलं तर सांगता येतं. तो रंग माझ्या नातीएवढा आहे.

मी मुलाकडे कॅनडात, मिसिसागाला येऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. प्रेमानंद गजभिये मूळचे नागपूरचे. एसटीच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी उभी हयात गाड्यांच्या वायरी जोडण्यात घालवली. त्यांचा मुलगा चंद्रकांत इथे नोकरीला होता, त्यानं आमच्या गल्लीत घर घेतलं आणि आईवडलांना बोलावलं. मग त्याला देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, बर्नाबीच्या कंपनीत मोठी जागा मिळाली. तो विमानानं पाच तासांवर गेला, वरचा मजला भाड्यानं दिला आणि बेसमेंटमध्ये म्हातारा-म्हातारी राहिले. सोबत ड्रायव्हवेवर एक जुनी मिनीव्हॅन. चंद्रकांतनं ती टाकून द्यायला सांगितली होती. प्रेमानंदरावांनी टाकली नाही.

त्या गाडीचा त्यांना गर्व होता. ती कुठे बंद पडली तर म्हणायचे, "एसटी आहे, थांबली तिथं स्टॉप." पण ती फारशी थांबत नसे. दर रविवारी आमच्या मंडळाची म्हातारी माणसं तिच्यात बसून बुद्धवंदनेला जात. वाटेत पुढे बसलेल्या ताराबाई, त्यांची बायको, मागे वळून सगळ्यांची उणीदुणी काढत. कोणाची टोपी, कोणाची सून. नवऱ्यालाही सोडत नसत. "यांनी इतक्या गाड्यांचे दिवे लावले, पण घरातला बल्ब मीच बदलते," असं म्हणून त्या हसत आणि गाडी हसत असे.

त्या वर्षी जयंती नेमकी इथल्या सुट्टीच्या दिवशी आली. मंडळानं ठरवलं की हॉलच्या पार्किंगमध्ये का होईना, मिरवणूक काढायची आणि बाबासाहेबांचा फोटो गाडीवर बसवायचा. प्रेमानंदरावांनी आपली गाडी देऊ केली. नाही तरी तिला गंज लागला होता. इथे रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, ते मीठ लोखंड खातं. त्यांनी गंज घासून काढला, बॅटरी बाहेर काढली, तिची काळी वायर गाडीच्या अंगाला जिथे जोडलेली असते तो बोल्टही सोडला. मग रंगवायला जमलेल्यांना ताकीद दिली, "कोरं लोखंड कुठंच ठेवायचं नाही. बोनेटच्या आतसुद्धा नाही. दिसलं लोखंड की फासा रंग."

लोकांनी मनापासून फासला. ताराबाईंनीही ब्रश घेतला होता. दुपारी त्या तिथेच चक्कर येऊन बसल्या. सगळे धावले, शेजाऱ्याच्या गाडीतून त्यांना इस्पितळात नेलं. संध्याकाळी प्रेमानंदराव एकटे परत आले, घाईघाईत बॅटरी बसवली, बोल्ट आवळला आणि पुन्हा इस्पितळात गेले.

मिरवणूक झाली. गाडी छान दिसली. ताराबाई ती बघायला नव्हत्या. त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या.

उन्हाळ्यापासून त्यांचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यात तीनदा, सकाळच्या पाळीत. हातात सुई घालायची, रक्त बाहेर काढायचं, मशिनमधून धुवायचं, परत आत सोडायचं. चार तास खुर्चीत. त्या दिवशी घरी आल्या की भिंतीकडे तोंड करून पडत. दुसऱ्या दिवशी जरा उठत तर तिसऱ्या दिवशी पुन्हा खुर्ची. खाण्यातलं सगळं बंद. केळं नाही, चिंच नाही, आंबाडी नाही. पाणीसुद्धा मापून. मी पाहिलंय, त्या बर्फाचा खडा तोंडात धरून बसत आणि तो विरघळला की हळूच दाराकडे बघत, कोणी दुसरा देतं का.

मशिन नसलेल्या दिवशी त्या आमच्याकडे येत आणि गुंजनला मांडीवर घेत. सुईच्या हातावर वजन घ्यायचं नाही असं सांगितलेलं होतं, म्हणून दुसऱ्या हातानं धरत. ती पोरगी त्यांच्याजवळ रडत नसे.

नोव्हेंबरात पहिला बर्फ पडला आणि गाडीनं त्रास द्यायला सुरुवात केली. चावी फिरवली की डॅशबोर्डवरचे दिवे लागत, मग मंद होत, आत टक् असा आवाज येई आणि सगळं मरे. हॉर्न नाही, वायपर नाही, काही नाही. कधी थोड्या वेळानं आपणच सुरू होई. कधी दिवसभर नाही.

पहिल्यांदा बंद पडली तेव्हा कपिल कामावर निघाला होता. त्याचं ऑफिस विमानतळाजवळ, गोदामांच्या ओळीत. त्यानं आपली गाडी आडवी लावली, केबल काढल्या, लाल चिमटा बॅटरीला आणि काळा चिमटा इंजिनच्या लोखंडाला लावला. काळा तिथेच लावायचा असतो, हे त्याला कुठल्याशा व्हिडिओत बघून माहीत होतं. गाडी पटकन सुरू झाली. "काका, बॅटरी डेड आहे, चेंज करा," असं सांगून तो गेला. त्यात चुकण्यासारखं कोणालाच काही वाटलं नाही.

नवी बॅटरी आणली. चार दिवस बरे गेले आणि पुन्हा टक्. मग भंगारवाल्याकडून बॅटरी चार्ज करणारा जुना अल्टरनेटर आणून बसवला. फ्यूज बदलले. प्रेमानंदराव मीटर घेऊन बॅटरीच्या दोन टोकांना लावत आणि मला काटा दाखवत. काटा बरोबर जागी. "बघा बापू, बॅटरीत दम आहे, पण गाडीत पोचत नाही," असं ते म्हणत आणि बोनेट लावून टाकत.

मनमाडला रेल्वेच्या वर्कशॉपात मी हमाली केलेली. वायरींतलं मला फार कळत नाही. पण एक गोष्ट खटकत होती. असला माणूस, ज्यानं पावसात, चिखलात, आडरानात बंद पडलेल्या गाड्या हलवल्या, तो आपल्या दारातल्या गाडीपुढे हात टेकतो कसा? मी ते थंडीच्या आणि वयाच्या खात्यावर टाकलं. त्यांच्या बोटांना तेव्हा कंप सुटला होता.

गाडी बंद असली की ताराबाईंचं डायलिसिस हुके. आमची सून यशोधरा म्हणाली, मी सुट्टी टाकून सोडते. एकदोनदा तिनं सोडलं. पण दर वेळी प्रेमानंदराव म्हणत, होईल आता सुरू, तू जा बाई, तुला उशीर होतो. नगरपालिकेची आजाऱ्यांना नेणारी बस आहे, तिलाही त्यांनी एकदा बोलावून पुन्हा बोलावलं नाही. चंद्रकांत रोज संध्याकाळी फोनवर चेहरा दाखवून विचारी, आई, गेली होतीस ना? ताराबाई म्हणत, हो बाळा. मी समोर बसलेला असताना त्या तसं म्हणाल्या आहेत, गाडी जागची हललेली नसताना.

जानेवारीत गारठा फार वाढला. ताराबाईंचे पाय सुजले, चेहरा सुजला. दोन वाक्यं बोलल्या की त्यांना धाप लागे. सगळ्यांना दिसत होतं की असंच चाललं तर बाई जाईल, आणि ती एका खटाऱ्यापायी जाईल. मला रात्री झोप लागेना. शेवटी एका सकाळी मी कोट चढवला आणि समोर गेलो.

प्रेमानंदराव चावी फिरवून दमले होते. ताराबाईंना खाली पोचवून येतो म्हणाले आणि दोघं आत गेले. मी बोनेटपाशी एकटा उरलो. त्यांच्या पेटीत वायरीचा एक जाड तुकडा पडला होता. मला कपिलचा तो काळा चिमटा आठवला. दर वेळी तो इंजिनला लावला की गाडी सुरू होत होती. एकदाच, घाईत, त्यानं तो बॅटरीला लावला होता आणि गाडी ढिम्म हलली नव्हती. मी तो तुकडा उचलला, एक टोक बॅटरीच्या काळ्या बाजूला बांधलं, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर पक्कं दाबून बसवलं आणि जाऊन चावी फिरवली.

गाडी सुरू झाली. दिवे लख्ख, हीटर सुरू, सगळं.

म्हणजे बॅटरी चांगली, अल्टरनेटर चांगला, स्टार्टर चांगला. वीज जायची वाट ठीक होती, यायची वाट तुटली होती. काळी वायर गाडीच्या अंगाला जिथे जोडलेली, तिथेच दोष. आमच्याकडे त्याला अर्थिंग म्हणतात. हे पोराटोरांनाही माहीत असतं, की वीज जाते तशी परत यावी लागते.

मी गाडी बंद केली, पाना घेतला आणि तो बोल्ट सोडला. वायरीच्या टोकाची गोल कडी बाजूला केली. खाली गुळगुळीत निळा रंग. जिथे लोखंडाला लोखंड भिडायला हवं तिथे जयंतीचा रंग बसला होता. उन्हाळाभर नुसत्या बोल्टाच्या आट्यांतून काम भागलं. हिवाळ्याचं मीठ आट्यांत शिरलं, गंज चढला आणि तीही वाट बंद झाली. कधी लागे, कधी सुटे.

मला आनंद झाला. तो किती वेळ टिकला सांगू? बोल्ट तळहातावर उलटा करेपर्यंत. त्याच्या डोक्यावर पान्याचे ताजे ओरखडे होते. कडी कोणीतरी फडक्यानं पुसलेली होती. रंगावर कोपऱ्यात चाकूची एक छोटीशी रेघ होती, नखाएवढी. सुरू केलेली आणि सोडून दिलेली.

प्रेमानंदराव मागे येऊन उभे होते. गाडीचा आवाज ऐकून आले असावेत.

"उघडला होता तुम्ही," मी म्हणालो.

"उघडला होता."

"केव्हा?"

"बॅटरी बदलून पण बंद पडली तेव्हाच. मले समजत नाही का, बापू? पहिलं अर्थिंग पाहायचं, हे मी पोरांना शिकवायचो."

पुढचं ते खाली बर्फाकडे बघत बोलले. थंडी सुरू झाली तेव्हाच ताराबाई म्हणाल्या होत्या, की आता मला त्या खुर्चीत नेऊ नका. प्रेमानंदरावांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. लेकाला काय सांगायचं, डॉक्टरला काय सांगायचं, त्यांना सुचेना. मग नवी बॅटरी घालूनही गाडी बंद पडली. त्या दिवशी त्यांनी अर्थिंगचा बोल्ट उघडला, रंग पाहिला, चाकू लावला. तेवढ्यात रस्त्यापलीकडून, आमच्या उघड्या दारातून, ताराबाईंचं हसणं ऐकू आलं. त्या गुंजनला खेळवत होत्या. पुष्कळ दिवसांनी ते हसणं ऐकलं म्हणाले. त्यांनी चाकू मिटला आणि बोल्ट होता तसा आवळला.

"तेव्हापासून मी काही करत नाही," ते म्हणाले. "चावी तर रोज मारतो. लागली तर जातो. नाही लागली तर नाही."

मधले अल्टरनेटर, फ्यूज, मीटरचा काटा, ते सगळं आम्हाला दाखवायला होतं. मला राग आला. माझ्या झोपा गेल्या म्हणून नाही. हा माणूस आमच्या मंडळात उभा राहून नशीब, ग्रह, नवस यांवर बोलायचा. इथल्या देशी लोकांच्या गाड्यांना लिंबू-मिरची टांगलेली दिसली की पार्किंगमध्ये थांबून हसायचा.

"मग तुम्ही तरी वेगळं काय केलं?" मी म्हणालो. "त्यांनी लिंबू टांगलं, तुम्ही बोल्ट टांगलाय. बायकोचं मरण तुम्ही गंजाच्या हवाली केलंय, प्रेमानंदराव. लागला तर लागला."

 त्यांनी हात खिशात घातले.

बेसमेंटचं दार उघडलं. ताराबाई लुगड्यावर चंद्रकांतचा जुना कोट घालून पायरीवर आल्या होत्या. मी पुढे झालो तर त्यांनी हातानंच थांबवलं आणि भिंतीला टेकल्या. धाप कमी व्हायला वेळ लागला.

"यांना नका बोलू, भाऊजी," त्या म्हणाल्या. "मले माहीत होतं. त्या दिवशी घरी आले तर बोटं निळी होती. बायको आहे, समजते ना." मग थोडं थांबून, "चूक माझी आहे. मी लेकाला नाही म्हणायला पाहिजे होतं. त्याच्यापुढं माझं तोंडच उघडत नाही. यांनी माझं 'नाही' गाडीच्या तोंडी दिलं."

"वहिनी, यशोधरा रोज सोडेल. मी तिच्याशी बोलतो. गाडीचं आता सापडलंय."

"गाडीचं सापडलं. माझं काय सापडते? ते मशिन रक्त धुते, भाऊजी, पण त्याच्यानं बरं नाही होत काही. मी मेल्यासारखी पडते अन् उठते, पडते अन् उठते. मले पोटभर पाणी प्यायचं आहे. आंबाडीची भाजी खायची आहे. पोरीले दोन्ही हातानं उचलायचं आहे."

 वरच्या भाडेकऱ्यानं खिडकीतून बघितलं आणि पडदा ओढला.

मग ताराबाई नवऱ्याला म्हणाल्या, "नीट करा ती. आज जाऊ. माझ्या तोंडानं सांगते त्यांना. यशोधरा इंग्रजीत सांगेल. लपून नाही मरायचं मले."

प्रेमानंदरावांनी खिशातून चाकू काढला. मी करतो म्हणालो, तर मान हलवली. त्यांनी एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट धरलं आणि रंग खरवडायला लागले. निळे कपचे बर्फावर पडत होते. लोखंड चकचकीत दिसेपर्यंत घासलं, कडी बसवली, बोल्ट घट्ट केला. काम अगदी थोड्या वेळाचं होतं. चावी फिरवल्याबरोबर गाडी सुरू झाली आणि पुन्हा कधी बंद पडली नाही.

त्या दिवशी यशोधरा त्यांच्याबरोबर गेली. तिनं नंतर सांगितलं, की डॉक्टरीणबाईंनी खोलीतून प्रेमानंदरावांना बाहेर पाठवलं आणि ताराबाईंना हेच वेगवेगळ्या तऱ्हेनं पुन्हा पुन्हा विचारलं. तुमच्यावर कोणाचा दबाव आहे का? थांबवलं तर काय होईल ते कळतंय का? ताराबाईंनी दर वेळी तेच उत्तर दिलं. मग बाईंनी त्यांचा हात हातात घेतला आणि घरी त्रास होऊ नये म्हणून औषधं लिहून दिली. ताराबाईंनी तिथूनच लेकाला फोन लावायला सांगितला. यशोधरा बाहेर येऊन उभी राहिली. आत काय बोलणं झालं ते तिनं ऐकलं नाही.

चंद्रकांत मिळेल त्या विमानानं आला. आईपाशी तो धड बोलला नाही. नुसता बसून राहिला. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हवेवरचा बर्फ काढायला बाहेर आला. मी आणि प्रेमानंदराव तिथे उभे होतो. त्यानं फावडं टाकलं आणि गाडीच्या टायरवर लाथ मारली.

"मी सांगितलं होतं ही टाकून द्या. सगळे सेशन हिच्यामुळे मिस झाले. हा खटारा नसता तर आईनं असं गिव्ह अप केलं नसतं. या गाडीनं मारलं तिला."

मला वाटलं, प्रेमानंदराव गप्प बसतील. तसं बसणं सोपं होतं. गाडीला काय, ती ऐकून घेते. आणि मी काही बोलणार नव्हतो.

"गाडीत काही बिघाड नव्हता," ते म्हणाले. "होता तो मले माहीत होता. तुझी आई नाही म्हणाली, अन् मी ऐकलं. गाडीले बोलू नको. मले बोल."

 चंद्रकांत फावडं उचलून आत गेला. त्यानंतर बापलेकांत कामापुरतं बोलणं राहिलं, ते आजतागायत तसंच आहे.

ताराबाईंना थोडे दिवस मिळाले. आंबाडी कुठल्या तरी देशी दुकानात फ्रोझन मिळाली. त्यांनी घासभर खाल्ली, बाकी नुसती बघितली. पाणी मात्र प्यायल्या. तांब्या जवळ ठेवायला सांगितला होता. एका दुपारी ऊन पडलं होतं तेव्हा त्या निळ्या गाडीत बसून तळ्याकडे जाऊन आल्या. मी मागे बसलो होतो, गुंजन त्यांच्या मांडीवर. त्यांनी तिला दोन्ही हातांनी धरलं होतं. तळं गोठलेलं होतं, बघण्यासारखं काही नव्हतं. परत येताना त्यांनी मागे वळून माझ्या टोपीबद्दल काहीतरी म्हटलं. आवाज इतका बारीक झाला होता की ते मला ऐकू आलं नाही. मी हसलो.

गाडी चंद्रकांतनं नेऊन टाकली. प्रेमानंदराव तिथेच बेसमेंटमध्ये राहतात. रविवारी कपिलच्या गाडीतून वंदनेला येतात आणि मागच्या सीटवर खिडकीशी बसतात.

ताराबाई प्रेमानंद गजभिये ११ फेब्रुवारी २०१८ रोजी, रविवारी सकाळी, मिसिसागात आपल्या घरी वारल्या.